कप फुटतात, बश्या उरतात

मराठी घरातले भांडे सहसा पूर्णपणे निकामी होत नाही. पितळेचे पातेले गळू लागले, की ते मोडीत घालून वर थोडी भर टाकून नवे आणले जाते. तांब्याचा बंब माळ्यावर गेला, तरी त्याचे वजन घरातले कोणी विसरत नाही. स्टीलचे डबे भंगारवाल्याच्या तराजूत जातात आणि काचेच्या बाटल्या रद्दीवाला पोत्यात भरून नेतो. चिनी मातीला मात्र मोड नाही. हजार-बाराशे अंश सेल्सिअसला भाजली गेलेली ती माती पुन्हा मऊ होऊन कुंभाराच्या चाकावर चढत नाही, वितळवून तिचे दुसरे काही होत नाही, ती गंजत नाही आणि कुजतही नाही. भंगारवाला तिला हात लावत नाही. त्यामुळे ती घरातच साठत राहते आणि साठतात त्या मुख्यतः बश्या.

याचे कारण साधे आहे. चहाचा संच वापरायला काढला, की फुटतो तो कप. त्याचा कान तुटतो, त्याच्या ओठाचा कपचा उडतो, बशी मात्र खाली सुरक्षित असते. लग्नकार्यात आहेर म्हणून आलेल्या संचांचा हाच शेवट होतो: कप दोन आणि बश्या सहा. पूर्वी चहा बशीत ओतून पिण्याची पद्धत होती, तेव्हा एकट्या बशीलाही काही काम होते. आता घरोघरी मग आले आहेत आणि मगाखाली बशी लागत नाही. पुण्यातल्या आमच्या कोथरूडच्या घरात फडताळाच्या वरच्या कप्प्यात अशा बेवारस बश्यांची चांगली उतरंड झाली होती आणि त्याच काळात दिवाणखान्यातल्या जुन्या टीपॉयचा सनमायका कडेने उचकटून वर आला होता. त्या टीपॉयवर या बश्यांचे मोझॅक, म्हणजे तुकडे जोडून केलेली नक्षी, करावे, असे मी ठरवले. हे काम मी कोणत्याही वर्गाला जाऊन शिकलेली नाही. थोडे वाचून, थोडे फरशीच्या कामावरच्या लोकांना विचारून आणि बरेचसे हाताने करून पाहून शिकले.

सासूबाईंना ही कल्पना पसंत नव्हती. फुटकी काच आणि तडकलेली भांडी घरात ठेवू नयेत, हा त्यांचा नियम आहे आणि तो आमच्या पिढीनेही बऱ्यापैकी पाळला आहे. मी त्यांना म्हटले, "आई, हे फुटलेले नाही, मी मुद्दाम कापणार आहे." त्यावर त्या म्हणाल्या, "बशीला काय कळतंय मुद्दाम की चुकून?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, पण पुढे त्यांनीच स्वतःच्या कपाटातून निळ्या काठाच्या दोन बश्या काढून दिल्या, तेव्हा हरकत मागे घेतली गेली असे मी समजले.

घरातल्या बश्या टीपॉयला पुरणाऱ्या नव्हत्या. गोल टीपॉयचे पृष्ठ दिसायला लहान वाटते. परंतु बशीचा खरोखर उपयोगी पडणारा भाग तिच्या आकाराच्या मानाने बराच कमी असतो, कारण मधला खळगा सपाट असला तरी कडेचा उतार आणि तळाचे कडे यांत पुष्कळ माती वाया जाते. म्हणून मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात जाणे आले. रविवारी आणि बुधवारी भरणाऱ्या या बाजारात जुनी अवजारे, नाणी, घड्याळे, विजेचे सामान, जुने कॅमेरे यांच्या रांगांमध्ये एखाद्या ताडपत्रीच्या कोपऱ्यात चिनी मातीची भांडी मांडलेली असतात. संपूर्ण संच असेल तर विक्रेता त्याला 'अँटिक' म्हणतो आणि किंमत त्याच मानाने सांगतो. सुटी बशी, झाकण हरवलेली किटली, टवका उडालेली लोणच्याची बरणी यांच्याकडे त्याचे फारसे लक्ष नसते. मला नेमके तेच हवे होते. "ताई, हिला तडा गेलाय, नंतर म्हणू नका," असे एका काकांनी प्रामाणिकपणे बजावले, तेव्हा तडा गेलेल्याच द्या म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिले आणि मग गोणपाटाखालून आणखी एक टोपली ओढून पुढे केली. दहा-वीस रुपयांना बशी, मोठी थाळी असेल तर थोडे अधिक, असा हा व्यवहार असतो.

त्या टोपलीत एक थाळी अशी निघाली, की तिच्या पाठीवर कोलकात्याच्या बंगाल पॉटरीजचा शिक्का स्पष्ट होता. पुढच्या बाजूला दोन बारीक हिरव्या रेषा होत्या आणि काठाला एक खोल टवका होता. ती थाळी मी आणली, पण कापली नाही. जुन्या कारखान्याचा शिक्का असलेली, दुरुस्त होण्याजोगी किंवा संचाने पूर्ण असलेली वस्तू कापण्याच्या पकडीखाली घालू नये, असे माझे मत आहे. मोझॅकसाठी लागणारी सामग्री सामान्य आणि अपुऱ्या वस्तूंमधून भरपूर मिळते. त्यासाठी धडधाकट वस्तूचा बळी देण्याची गरज पडत नाही.

दुसरा स्रोत म्हणजे ओळखीचे केटरर. लग्नाच्या हंगामानंतर त्यांच्याकडे टवके उडालेल्या पांढऱ्या थाळ्या साठतात आणि त्या फेकायच्या कुठे हा त्यांच्यापुढे प्रश्नच असतो. इराणी हॉटेलांत दिसतात तसे जाड, पांढरे कप-बश्याही अशाच मिळून जातात. रंगीत नक्षीच्या तुकड्यांमध्ये पांढऱ्याची मोकळी जागा लागतेच आणि तिचा पुरवठा या थाळ्यांतून होतो. मेलामाइनच्या थाळ्या मात्र घेऊ नयेत. त्या दुरून चिनी मातीसारख्या दिसतात, परंतु ते प्लॅस्टिक असते; पकडीत ते नीट तुटत नाही आणि त्यावर सिमेंटही धरत नाही. नखाने टिचकी मारली, की आवाजावरून फरक लगेच समजतो.

आणलेला सगळा माल साबणाच्या कोमट पाण्यात घासून घेतल्यावर मी त्याची वर्गवारी केली. ही पायरी कंटाळवाणी वाटली तरी टाळता येत नाही, कारण 'चिनी माती' या एका नावाखाली तीन-चार वेगळ्या जातींची भांडी येतात आणि कापताना प्रत्येक जात वेगळी वागते. बोन चायना उजेडासमोर धरली, की मागे धरलेल्या बोटांची सावली आरपार दिसते. तिच्या मातीत प्राण्यांच्या हाडांची राख मिसळलेली असते, ती पातळ असते आणि सरळ रेषेत स्वच्छ तुटते. हॉटेलची जाड भांडी पाच-सहा मिलिमीटरपर्यंत असतात, पोलादी मनगट असल्याशिवाय ती सहज नमत नाहीत. आणि स्वस्त, ठिसूळ भांडी असतात, ज्यांची तुटलेली कडा खडूसारखी भुरकट दिसते. या कडेवर पाण्याचा थेंब सोडला तर तो तिथेच शोषला जातो. बोन चायनाच्या कडेवर तोच थेंब तसाच उभा राहतो. पाणी शोषणारी ही शेवटची जात घरातल्या वस्तूंसाठी चालते, पण उघड्यावर, पावसात ठेवायच्या कुंडीसाठी मी ती वापरत नाही. मातीत पाणी मुरते, वरची झिलई मात्र ते बाहेर जाऊ देत नाही आणि कालांतराने झिलईचे पापुद्रे सुटू लागतात.

आणखी एक परीक्षा नखाची. नक्षीवरून नख फिरवले असता तिचा उंचवटा जाणवला, तर ती नक्षी झिलईच्या वर छापलेली आहे असे समजावे. असा रंग ग्राउट, म्हणजे तुकड्यांमधल्या फटींत भरायचा सिमेंटचा माल, पुसताना वाळूच्या कणांनी ओरखडला जातो. सोनेरी काठ तर हमखास या प्रकारचे असतात, म्हणून असे तुकडे मी वेगळे ठेवते आणि ते बसवून झाल्यावर त्यांच्यावर कागदी चिकटपट्टी लावून मगच सांधे भरते. झिलईखालच्या नक्षीला, उदाहरणार्थ खुर्जाच्या निळ्या फुलांच्या भांड्यांवरील नक्षीला, ही काळजी घ्यावी लागत नाही.

जुन्या भांड्यांच्या झिलईत, विशेषतः भडक लाल, नारिंगी आणि पिवळ्या रंगांत, शिसे किंवा कॅडमियम असू शकते. अखंड बशीपेक्षा तिचा चुरा अधिक त्रासदायक असतो. कापताना उडणारी धूळ श्वासात जाऊ नये, यासाठी मी तोंडाला चांगला मास्क लावते, तुकड्यांवर पाण्याचा फवारा मारत राहते आणि कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने जागा पुसते. डोळ्यांवर पूर्ण झाकणारा चष्मा हा तर पहिला नियम आहे; नेहमीच्या चष्म्याच्या बाजूने बारीक कपची सहज आत शिरते. त्याच कारणाने मोझॅकच्या तबकात चिरलेली फळे किंवा मिठाई थेट ठेवू नये, हेही इथेच सांगते.

अवजारांसाठी रविवार पेठेतली बोहरी आळी गाठली. कामाला लागते ती मुख्यतः चाकांची पक्कड. तिच्या दोन जबड्यांना कार्बाइड या अतिशय कठीण पदार्थाची दोन लहान चाके समोरासमोर बसवलेली असतात. फरशीवाल्यांची साधी निपर पक्कड जाड थाळ्यांसाठी बरी पडते, परंतु बशीला ती कुरतडते, तर चाकांची पक्कड कापते. चाकांची धार एका जागी बोथट झाली, की स्क्रू सैल करून चाक किंचित फिरवायचे, म्हणजे नवी धार मिळते. दुकानदाराने मला सुरुवातीला हातोडीच सुचवली होती. गोणपाटात बशी गुंडाळून हातोडीचा एक घाव घालणे ही खरोखरच अनेकांची पद्धत आहे, पण त्यात बशी स्वतःच्या मर्जीने फुटते. नक्षीतले फूल नेमके मधून दुभंगते आणि निम्मा माल टोकदार चिपांमध्ये जातो. टीपॉयच्या कामासाठी मी हातोडी केवळ बरणीसारख्या जाड वस्तूंपुरती ठेवली.

कापण्याची रीत अशी. बशीच्या काठावर पक्कड अशी लावायची, की चाके जेमतेम दोन-तीन मिलिमीटर आत येतील. चाकांचा रोख ज्या रेषेत चीर हवी त्या रेषेत ठेवायचा. मग एकदम न आवळता दाब वाढवत न्यायचा. एका क्षणी 'टक्' असा कोरडा आवाज होतो आणि चीर काठापासून मध्याकडे आपोआप धावत जाते. पक्कड जितकी आत घालावी तितकी चीर अधिक भरकटते, हे हाताला लवकरच कळते. बशी कापणे म्हणजे तिला दाबून तोडणे नसून चिरेला वाट दाखवणे आहे. प्रथम दोन अर्धे, मग पोळीचे करतात तसे चतकोर, मग त्यांचे अरुंद त्रिकोण, असा क्रम ठेवल्यास वाया फार कमी जाते. तळाला असलेले गोल कडे आडवे आले, की चीर तिथे वळते. म्हणून प्रत्येक त्रिकोण कड्याच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूने कापून तेवढा जाड तुकडा काढून टाकावा लागतो. उरतात ते दोन प्रकारचे तुकडे: मधल्या खळग्याचे सपाट आणि कडेचे किंचित वाकलेले. कापलेल्या कडा वस्तऱ्याइतक्या धारदार असतात. त्या पाण्यात भिजवलेल्या काचपेपरने एकदोनदा घासल्या, की बोटे वाचतात.

वाकलेल्या तुकड्यांनी मला बरेच काही शिकवले. सपाट टीपॉयवर बशीच्या कडेचा मोठा तुकडा ठेवला, तर तो मधे टेकतो आणि दोन्ही टोकांनी वर राहतो. तोच तुकडा नखाएवढा केला, की त्याचा बाक डोळ्यांना जाणवतच नाही. उलट, गोल पृष्ठावर मोठी सपाट फरशी बसत नाही, तिथे लहान तुकडेच लागतात. स्पेनमधल्या बार्सिलोनातल्या पार्क ग्वेल या बागेत, जी 1900 ते 1914 या काळात बांधली गेली, वास्तुरचनाकार गाउदी आणि त्यांचे सहकारी जुजोल यांनी नागमोडी बाकावर फुटक्या फरश्या आणि भांड्यांचे तुकडे बसवले, त्यामागे काटकसरीइतकेच हे भूमितीचेही कारण होते. आपल्याकडे अहमदाबादमध्ये बाळकृष्ण दोशी यांनी 'संगाथ' या स्वतःच्या कार्यालयाच्या कमानदार छपरांवर पांढऱ्या तुकड्यांचे आवरण दिले आणि 1990च्या दशकातील 'अमदावाद नी गुफा' या कलादालनाच्या घुमटांवरही तेच केले. 2018 साली वास्तुकलेतला प्रित्झकर पुरस्कार मिळालेले हे वास्तुरचनाकार मूळचे पुण्यात जन्मलेले, 1927चे. त्यांनी वापरलेले तंत्र मात्र पुण्याच्या गच्च्यांवर गवंडी लोक फार पूर्वीपासून वापरत आलेले आहेत.

ते तंत्र म्हणजे चायना मोझॅक. जुन्या इमारतींच्या गच्चीवर कोब्याच्या वर पांढऱ्या फरश्यांचे तुकडे दाटीने बसवून सांध्यांत पांढरे सिमेंट भरलेले असते. त्याने पाणी खाली झिरपत नाही आणि ऊनही परावर्तित होते. आमच्या इमारतीच्या गच्चीवर असेच काम आहे आणि ते करणाऱ्यांपैकी एक गवंडीकाका अजून जवळच्या वस्तीत राहतात. टीपॉयचे काम सुरू करण्यापूर्वी मी त्यांना गाठले. बश्यांचे तुकडे पाहून ते हसले नाहीत, हे मला बरे वाटले. त्यांनी एक तुकडा उचलला, पाठीवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बाई, पाठ गुळगुळीत आहे हो हिची. फरशीला पाठ खरबरीत असते, म्हणून ती धरते. हिला माल नीट चोळून लावा, नुसती ठेवू नका." बशीला दोन्ही बाजूंनी झिलई असते, फरशीला एकाच बाजूने; हा फरक मी जिथे जिथे वाचले होते तिथे कोणी लिहिलेला नव्हता. त्यांच्या सांगण्यावरून प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर खरखरीत काचपेपरचे दोन-चार हात मारून मगच तो वापरायचा, अशी सवय मी लावून घेतली.

टीपॉयचा सनमायका पूर्ण काढून खालचे प्लाय तपासले. ते ओल लागून फुगले असते, तर टिंबर मार्केटमधून पाणी-रोधक प्लायचे नवे वर्तुळ कापून आणावे लागले असते. सुदैवाने ते शाबूत होते. घासून, धूळ पुसून त्यावर पातळ केलेल्या फेविकॉलचा एक हात दिला, म्हणजे लाकूड चिकटमालातले पाणी ओढून घेत नाही. घरात कोरड्या राहणाऱ्या वस्तूसाठी, भिंतीवरच्या पाटीसाठी किंवा आरशाच्या चौकटीसाठी, नुसता फेविकॉल पुरतो. टीपॉयवर चहा सांडणार, ओले फडके रोज फिरणार, म्हणून मी पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा टाइल अ‍ॅडेसिव्ह वापरला.

रचना करताना मी दोन बेत सोडून दिले. पहिला बेत मोराचा होता. बशीच्या तुकड्यांतून ओळखू येणारे चित्र काढायला निघाले, की बशीची स्वतःची नक्षी त्या चित्राशी भांडते आणि दोन्ही गोष्टी बिघडतात. दुसरा बेत सगळे तुकडे मिसळून सरभेसळ लावण्याचा होता, तो प्रत्यक्ष मांडल्यावर केवळ गोंधळ दिसला. शेवटी मी बशीच्या वर्तुळाचाच आधार घेतला. सासूबाईंच्या निळ्या काठाच्या बश्यांचे काठाचे तुकडे बाहेरच्या कडेला एका ओळीत, त्यांच्या आत केटररच्या पांढऱ्या थाळ्यांचा रुंद पट्टा, मग जुन्या बाजारातल्या फुलांच्या बश्यांची एक तुटक ओळ आणि मधोमध एका लहान बशीचा अखंड खळगा. काठाच्या तुकड्यांना मुळातच एक वाक असतो, तो टीपॉयच्या वाकाशी जुळवून घेतला, की कापाकापी निम्म्याने कमी होते. चंदीगढच्या रॉक गार्डनमध्ये नेकचंद यांनी फुटक्या बांगड्या आणि भांड्यांपासून माणसे, पक्षी, प्राणी घडवले. त्यांच्या त्या आकृतींतही तुकडा अंगभर ओळीने वाहत जातो, आणि म्हणून त्यांचा वेश विणल्यासारखा वाटतो. 1976मध्ये खुल्या झालेल्या त्या बागेची छायाचित्रे मी रचना ठरवताना वारंवार समोर ठेवली, मोरासाठी नव्हे, तर ओळींसाठी.

टीपॉयचे पृष्ठ समपातळीत असावे लागते, नाहीतर त्यावर ठेवलेला कप डुगडुगतो. बोन चायनाचा तुकडा दोन-अडीच मिलिमीटरचा आणि हॉटेलच्या थाळीचा त्याच्या दुप्पट जाड. हे शेजारी लावले, की पायरी पडते. यावर जुना उपाय उलटा बसवण्याचा आहे. खाकी कागदावर रचना काढून मैद्याच्या खळीने सगळे तुकडे त्यावर पालथे चिकटवायचे, म्हणजे त्यांचे चेहरे एका पातळीत येतात आणि जाडीतला फरक पाठीकडे जातो. खळ वाळल्यावर पाठीवर चिकटमाल चोळून, पातळ तुकड्यांवर थोडा अधिक देऊन, सगळा कागद पृष्ठावर उलटायचा. उलटण्यासाठी दोन फळ्या आणि चार हात लागतात. आमच्याकडे यजमान आणि मुलगी दोघांनाही बोलवावे लागले. दुसऱ्या दिवशी कागद पाण्याने भिजवला, की तो सुटून येतो आणि खालचे काम प्रथमच सुलट दिसते. खळीऐवजी फेविकॉल वापरून चालत नाही, कारण तो वाळल्यावर सहज सुटत नाही. खळ पाण्याने विरघळते, हाच तिचा गुण आहे.

आता सांधे. माझ्या मते मोझॅकचे निम्मे चित्र सांध्यांत असते आणि नवखी माणसे नेमके त्याकडेच दुर्लक्ष करतात. तुकड्यांमधली फट एकसारखी, दोन-तीन मिलिमीटर राहिली, तर तुकडे कसेही वेडेवाकडे असले तरी काम सुबक दिसते. फट कुठे केसाएवढी आणि कुठे बोटाएवढी झाली, तर उत्तम तुकडेही फुटलेलेच वाटतात. भरायचे ग्राउट फटीवरून ठरते: तीन मिलिमीटरच्या आत बिनवाळूचे, त्याहून रुंद फटीला वाळूचे, नाहीतर ते आकसून तडकते. रंगाचा विचार मी प्लायच्या लहान फळकुटांवर तेच तुकडे लावून केला. पांढऱ्या ग्राउटमध्ये पांढरे तुकडे एकमेकांत विरघळले आणि निळी फुले एकटी तरंगू लागली. काळ्या ग्राउटमध्ये प्रत्येक तुकडा वेगळा ओरडू लागला. मधला राखाडी रंग घेतल्यावर नक्षी आणि आकार दोन्ही दिसू लागले. काळे ग्राउट आकर्षक म्हणून सर्रास सुचवले जाते, पण जुन्या चहाच्या बश्यांचे फिकट रंग त्यात मरतात, असे मला स्पष्ट वाटते.

ग्राउट चमच्यावरून घसरणार नाही इतके घट्ट कालवून दहा मिनिटे तसेच ठेवावे, पुन्हा ढवळावे आणि रबरी थापीने फटींच्या तिरक्या दिशेने दाबत भरावे. पंधरा-वीस मिनिटांनी वरचा थर मळकट दिसू लागला, की घट्ट पिळलेल्या स्पंजने पुसायला घ्यावे. इथे पाणी जास्त झाले तर सांध्याचा रंग फिकट पडतो आणि त्याची ताकदही कमी होते. गवंडीकाकांनी शेवटच्या पुसण्यासाठी लाकडाचा कोरडा भुसा सांगितला होता: मूठभर भुसा पसरून फडक्याने गोल गोल घासायचा, की तो ओल आणि मळ दोन्ही उचलतो. तुकडे खरोखरच लखलखीत झाले. अ‍ॅसिड वापरणे मी टाळते. त्याने सोनेरी काठ जातात आणि ग्राउटही खाल्ले जाते.

हे सगळे एप्रिलमध्ये चालले होते. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात सिमेंटचे काम लवकर वाळते म्हणून सोयीचे वाटते, वस्तुतः ते गैरसोयीचे आहे. सिमेंट वाळून नव्हे, तर पाण्याशी संयोग होऊन कठीण होते. पाणी आधीच उडून गेले, तर सांधे भुसभुशीत राहतात. म्हणून ग्राउट भरल्यावर दोन-तीन दिवस त्यावर प्लॅस्टिकचा कागद अंथरून, सकाळ-संध्याकाळ हलका फवारा मारत राहिले. घरातली मंडळी तेवढे दिवस चहाचे कप हातात धरून बसली.

टीपॉयनंतर कुंड्या केल्या. कुंडीची पाठ गोल असल्यामुळे तिथे कपांचे तुकडे, जे टीपॉयवर निरुपयोगी ठरले होते, अगदी चपखल बसतात: बाकाला बाक मिळतो. तुटलेले कान मी काठाजवळ तसेच उभे बसवले, त्यांना वेलाची टोके अडकवता येतात. कुंभारवाड्यातून आणलेली मातीची कुंडी मात्र आतून पाणी-रोधक रंगाने बंद करून घ्यावी लागते, नाहीतर झाडाला घातलेले पाणी भिंतीतून बाहेर येते, त्याबरोबर क्षार येतात आणि ग्राउटवर पांढरा लोणा फुटतो. चिकटमाल लावण्यापूर्वी कुंडीची बाहेरची बाजूही ओलसर करून घ्यावी. तुकडे खालून वर लावत न्यावेत आणि दोन-तीन ओळी झाल्या की थांबावे, कारण उभ्या पृष्ठावर ओला माल वजनाने खाली सरकतो. पावसाळ्यापूर्वी सांध्यांना सीलरचा, म्हणजे पाणी मुरू न देणाऱ्या द्रावाचा, एक हात दिला, तर शेवाळ कमी धरते.

उरलेल्या मालाचीही व्यवस्था लागते. जाड कडी आणि बरणीचे मोठे तुकडे नव्या कुंड्यांच्या तळाशी, भोकावर पालथे घालण्यासाठी जातात. वाळू, ग्राउट किंवा सिमेंट मिसळलेले पाणी मोरीत ओतू नये, ते नळीत दगडासारखे बसते. मी ते बादलीत निवळू देते आणि खालचा गाळ घट्ट झाल्यावर कोरड्या कचऱ्यात टाकते. बारीक चुरा आणि टोकदार चिपा पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून, वर चिकटपट्टी मारून, 'फुटकी काच' असे मोठ्या अक्षरांत लिहिते आणि ते खोके बादलीत न टाकता कचरा न्यायला येणाऱ्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताईंच्या हातात देते. पहिल्यांदा त्यांनी खोके हलवून आतला खळखळाट ऐकला आणि विचारले, "एवढं सगळं एकाच घरात फुटलं?" आता त्या विचारत नाहीत, दुसऱ्या मजल्यावर कुणाचा कप फुटला, की तो वर्तमानपत्रात गुंडाळून आमच्या दाराशी आणून ठेवतात.